माझ्यासारखं दुखत नाही, मग हे मायग्रेन कसं?

पत्राचा गोषवारा: एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते. त्यांना कॉलेजच्या दिवसांपासून मायग्रेन आहे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा येतात, मग डोक्याची एकच बाजू ठणकू लागते आणि तो सगळा दिवस वाया जातो. आता त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं महिन्यातून तीन-चारदा दुखतं. पण त्याचं दुखणं कपाळावर, दोन्ही बाजूंना. रेषाबिषा काही दिसत नाहीत. चेहरा पांढराफटक पडतो, एखादी उलटी होते, अंधार करून झोपतो आणि दोन-अडीच तासांनी उठून खेळायला पळतो. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासून मायग्रेनच असल्याचं सांगितलं, स्कॅनची गरज नाही म्हणाले. मुलाच्या वडिलांना ते पटत नाही. "एवढं दुखत असेल तर दोन तासांत खेळतो कसा? आणि सगळं बरं शाळेच्याच दिवशी होतं," असं त्यांचं म्हणणं. शाळेतूनही हाच सूर. मायग्रेन असलेल्या मुलांच्या मेंदूचं काम मोठ्यांपेक्षा वेगळं चालतं, असं या बाईंच्या वाचनात आलं. त्या लिहितात, "मग ते एकदा मशीनवर दिसू दे. घरातला वाद मिटेल. आणि खरं सांगू? माझीही खात्री होईल." त्यांचे आणखी तीन प्रश्न आहेत. माझीच गोळी अर्धी करून त्याला दिली तर चालेल का? हे त्याला माझ्याकडून आलं का? आणि हे जन्मभर राहणार का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे, की त्यांना स्वतःला हल्ली एक दिवसाआड गोळी घ्यावी लागते.

तुमच्या पत्रात माझी नजर अडली ती "माझीही खात्री होईल" या वाक्यावर. यजमान उघडपणे शंका घेतात, तुम्ही मनातल्या मनात घेता. त्यांच्या शंकेवर घरात निदान वाद तरी होतो. तुमची शंका मात्र कुणी बोलूनच दाखवत नाही, आणि मुलाला ती कळत असणार. मुलांना हे फार लवकर कळतं.

ही शंका का येते हेही पत्रातूनच दिसतं. मायग्रेन म्हणजे काय, हे तुम्ही इतकी वर्षं अंगावर सोसलं आहे. त्यामुळे तुमचं दुखणं हीच तुमची मोजपट्टी झाली आहे: एक बाजू, आधी रेषा, अख्खा दिवस. मुलाचं दुखणं या तिन्हींत बसत नाही, म्हणून ते खरं मायग्रेन नसावं किंवा सौम्य असावं, असं वाटतं. यात तुमची चूक काहीच नाही, पण मोजपट्टी मोठ्या माणसाची आहे.

लहान मुलांचं मायग्रेन खरोखरच वेगळं दिसतं. डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जगभरचे डॉक्टर वापरतात, त्यातच हा फरक नोंदवलेला आहे. मोठ्यांमध्ये उपचार न केलेला झटका ४ ते ७२ तास टिकतो, तर १८ वर्षांखालच्यांमध्ये २ तासांचा झटकाही धरला जातो. मुलांचं दुखणं बहुतेकदा दोन्ही बाजूंना, कपाळावर आणि कानशिलांवर असतं. एका बाजूला दुखण्याचा मोठ्यांसारखा साचा साधारणपणे किशोरवयाच्या शेवटी किंवा तारुण्यात पदार्पण करताना तयार होतो. उजेड आणि आवाज सहन होत नाही हे मूल तोंडाने सांगेलच असं नाही. ते त्याच्या वागण्यावरून ओळखायचं, असंही त्या वर्गीकरणात म्हटलं आहे. तुमचा मुलगा अंधार करून झोपतो, यातून त्याने ते सांगितलंच की!

राहिल्या त्या नागमोडी रेषा. त्याला ऑरा म्हणतात आणि मायग्रेन असलेल्या बहुसंख्य लोकांना तो कधीच येत नाही. १९४१ मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराच्या रेषा नजरेसमोर कशा सरकतात याची चित्रं काढून हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असलं पाहिजे. तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्टिदेस लेआओ या ब्राझिलियन संशोधकाला सशाच्या मेंदूत साधारण त्याच वेगाने सरकणारी, मागे विद्युत शांतता सोडत जाणारी एक लाट सापडली. तुम्हाला रेषा दिसतात तेव्हा तुमच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रात बहुधा अशीच लाट चाललेली असते. ती तुमच्या मुलात दिसत नाही म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही.

"दोन तासांत खेळायला कसा पळतो?" या प्रश्नाचं उत्तर झोपेत आहे. झोपेने झटका मोडणं ही लहान वयातल्या मायग्रेनची नेहमीची गोष्ट आहे. काही मुलांना उलटी झाली की उतार पडतो. मूल उठतं, भूक लागली म्हणतं, चेहऱ्यावर रंग येतो आणि ते खेळायला जातं. मोठ्या माणसाला झटक्यानंतर जो दिवसभर थकवा येतो, तो मुलांत कमी टिकतो. उलट, ढोंग करणाऱ्या मुलाला चेहरा पांढरा पाडता येत नाही आणि दिवसाढवळ्या आवडता खेळ सोडून गाढ झोपताही येत नाही. यजमानांना मी हेच विचारेन: दुखणं चालू असताना तो खेळतो का? नंतर खेळतो म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही जे वाचलं त्याबद्दल. ते खरं आहे, पण त्याचा तुम्हाला वाटतो तसा उपयोग होणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण असं वाचून स्कॅनच्या मागे लागलेले पालक तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

खोलीतल्या पंख्याचा आवाज थोड्या वेळाने आपल्याला जाणवेनासा होतो. मेंदू त्याच त्या गोष्टीला सरावतो. हा सराव मोजण्याचा एक जुना प्रयोग आहे. माणसाला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट सेकंदाला दोन-तीनदा उलटापालटा होत राहतो आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लावलेले इलेक्ट्रोड मेंदूचा प्रतिसाद टिपतात. बहुतेकांमध्ये हा प्रतिसाद हळूहळू लहान होत जातो. मायग्रेन असलेल्यांमध्ये, दुखत नसतानाच्या दिवसांत, तो तितका लहान होत नाही, असं अनेक प्रयोगशाळांना आढळलं. आणखी लक्षणीय म्हणजे झटका जवळ आला की हा फरक पुसट होतो. म्हणजे एकाच माणसाची नोंद या सोमवारी एक सांगेल आणि पुढच्या गुरुवारी दुसरं. शिवाय कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे नोंदी वाचणाऱ्यांपासून लपवून ठेवून केलेल्या काही प्रयोगांत हा फरक सापडलाच नाही.

मुलांच्या बाबतीत मला जास्त बोलकं वाटतं ते दुसरं काम. एक आवाज ऐकवतात, तो "तयार राहा" असं सांगणारा. काही सेकंदांनी दुसरा आवाज येतो, त्यावर बटण दाबायचं. या मधल्या वाट पाहण्याच्या काळात मेंदूत एक संथ विद्युत लहर उठते. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ती वेगवेगळ्या वयाच्या लोकांत मोजली. निरोगी लोकांत ती वयाबरोबर बदलत जाते. मायग्रेन असलेल्यांत मात्र वयानुसार होणारा हा बदल तसा दिसला नाही, आणि दोन गटांतला फरक तरुण वयात ठळक होता. यावरून त्यांनी असा विचार मांडला, की मायग्रेनमध्ये मेंदूच्या परिपक्व होण्याची वाटच थोडी वेगळी असावी.

मुलांवरच्या अशा अभ्यासांना महत्त्व आहे ते एका खास कारणासाठी. वीस-पंचवीस वर्षं मायग्रेन सोसलेल्या माणसाच्या मेंदूत काही वेगळं दिसलं, तर ते आजाराचं मूळ आहे की इतक्या वर्षांच्या वेदनेचा, गोळ्यांचा आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम, हे सांगणं कठीण असतं. मुलाच्या पाठीशी एवढी वर्षं नसतात. त्याच्यात सुरुवातीलाच फरक दिसला, तर तो निव्वळ झिजेचा नाही एवढं तरी म्हणता येतं. पण इथे एक गुंता आहे. नऊ वर्षांचा मेंदू मायग्रेन नसतानाही प्रौढ मेंदूपेक्षा वेगळाच असतो. झोपेची लय, वेदनेला आवर घालणारी जाळी, संप्रेरकं, सगळंच अजून घडत असतं. पौगंडावस्थेपूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात मायग्रेनचं प्रमाण जवळपास सारखं असतं. नंतर मुलींचं वाढत जातं आणि प्रौढ वयात स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. म्हणजे "मुलांचा मेंदू" आणि "मोठ्यांचा मेंदू" असे दोन ठरलेले नमुने नाहीतच. वय, लिंग, झटका किती जवळ आहे, या सगळ्यांवर चित्र बदलतं.

हे सगळे फरक गटाच्या सरासरीतले असतात. मायग्रेन असलेली तीस-चाळीस मुलं एका बाजूला आणि नसलेली तितकीच दुसऱ्या बाजूला ठेवली, तर सरासरी वेगळी येते. पण एकेका मुलाचे आकडे पाहिले तर दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात. एका मुलाचा आलेख हातात घेऊन "याला मायग्रेन आहे" असं त्यावरून कुणालाही सांगता येत नाही. लुकलुकत्या प्रकाशाला मायग्रेन असलेल्यांचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, जास्त प्रतिसाद देतो, हे १९५९ पासून माहीत आहे. तरीही अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००२ मध्ये मुलांच्या डोकेदुखीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा, वारंवार डोकं दुखणाऱ्या मुलांना नेहमीची तपासणी म्हणून ईईजी करू नये असंच म्हटलं. डॉक्टरांनी केलेली मेंदू आणि मज्जातंतूंची शारीरिक तपासणी नॉर्मल असेल तर सरसकट स्कॅनचीही शिफारस त्यांनी केली नाही.

दवाखान्यातला एमआरआय तर मेंदूचं काम पाहतच नाही, तो रचना पाहतो. गाठ आहे का, सूज आहे का, रक्तस्राव आहे का, हे त्यात दिसतं. मायग्रेन त्यात दिसत नाही. तुमच्या मुलाचा एमआरआय केला तर रिपोर्ट बहुधा नॉर्मल येईल. मग घरात काय होईल, याचा विचार केलात का? "बघ, मशीनसुद्धा सांगतंय, काही नाहीये त्याला." ज्या कागदाने वाद मिटावा असं तुम्हाला वाटतं, तोच कागद मुलाच्या विरोधात पुरावा म्हणून वापरला जाईल. मला यातली सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. शिवाय कधी कधी स्कॅनमध्ये एखादी निरुपद्रवी गोष्ट सापडते, जिचा दुखण्याशी संबंध नसतो, आणि घर महिनोन्महिने त्या काळजीत राहतं.

स्कॅन कधीच करू नये असं मात्र मी म्हणत नाही. अचानक, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी. दुखण्याने झोपेतून जाग येणं किंवा रोज सकाळी उठल्या उठल्या उलटी. आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, हात-पाय लुळा वाटणं, फिट येणं. खोकताना किंवा वाकताना वाढणारी कळ. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. ताप आणि मान ताठ होणं. वागण्यात किंवा अभ्यासात न समजणारी घसरण. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे पुन्हा जायचं, आणि अचानक उठलेली तीव्र कळ, फिट, लुळेपणा किंवा ताप आणि ताठ मान असेल तर त्याच तासाला. तुमच्या पत्रात यातलं काही नाही आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासूनच नकार दिला आहे. मी मुलाला पाहिलेलं नाही, त्यांनी पाहिलं आहे. स्कॅन का नको, हे यजमानांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. पुढच्या भेटीला दोघंही जा.

आणि पुरावाच हवा असेल तर मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या. हे मी मन रमवण्यासाठी सांगत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत डोकेदुखीसाठी आलेल्या २२६ मुलांना डॉक्टरांनी विचारपूस करण्याआधी फक्त एवढंच सांगितलं: तुझं डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं ते काढ. मग फक्त ती चित्रं पाहून तज्ज्ञांनी मायग्रेन आहे की नाही हे ओळखायचं. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलेल्या निदानाशी ते ताडून पाहिलं, तर मायग्रेन असलेल्या दर शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांना चित्रांनी बरोबर ओळखलं होतं. डोक्यावर आदळणारे हातोडे, उलटी करणारं मूल, बंद केलेला दिवा, अंथरुणात आडवं पडलेलं शरीर. शब्दांत "दुखतंय" यापलीकडे काही न सांगणारी मुलं कागदावर सगळं सांगून जातात. चांगला दिवस पाहून, मुलगा ताजातवाना असताना, त्याला असं चित्र काढायला सांगा. "खरंच असं होतं का?" असं विचारू नका, "हे काय काढलंयस, सांग ना" असं विचारा. त्या वेळी वडील शेजारी बसलेले असले तर फार बरं. चित्र पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा.

चित्राच्या जोडीला साधी नोंद ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, सकाळी खाल्लं होतं का, गोळी कधी दिली, आणि झटक्याच्या आधीच्या काही तासांत तो कसा होता. या शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. हॅम्बुर्गमध्ये २०१६ साली एका रुग्णाचा मेंदू सलग ३० दिवस रोज तपासला गेला. दुखणं सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांतच हायपोथॅलॅमसच्या कामात बदल दिसू लागला होता. झोप, भूक, तहान, शरीराची लय सांभाळणारा हा भाग. म्हणून झटक्याच्या आधी काहींना जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं, मान आखडते. आपण म्हणतो, "गोड खाल्लं म्हणून डोकं दुखलं." पुष्कळदा झटका आधीच सुरू झालेला असतो आणि गोडाची ओढ त्याचाच भाग असते. तेव्हा लगेच हे बंद, ते बंद करत मुलाचं खाणं-खेळणं आक्रसू नका. नोंदीत तेच तेच पुन्हा दिसलं तरच विचार करा.

शाळेच्या दिवशीच दुखतं हा आरोपही नोंदीतून तपासता येईल. कदाचित तसंच निघेल. निघालं तरी ढोंग सिद्ध होत नाही. शाळेच्या दिवशी लवकर उठावं लागतं, नाश्ता घाईत राहून जातो, पाणी कमी प्यायलं जातं, गोंगाट असतो, ताण असतो. मायग्रेनच्या मेंदूला ही सगळी एकदम झालेली गर्दी सोसत नाही. मात्र दुखणं एखाद्या विशिष्ट तासाच्या किंवा विशिष्ट मुलाच्या आसपास गोळा होत असेल, तर कुणी त्रास देतं का, कशाची भीती वाटते का, हे शांतपणे विचारा. भीतीने उठलेलं मायग्रेनही खरं मायग्रेनच असतं.

शाळेकडून सहानुभूती मागत बसू नका, सोय मागा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढं पुरे आहे: दुखू लागताच मुलाने सांगितलं तर औषध लगेच द्यावं, अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या, शांत जागी पडू द्यावं, पाण्याची बाटली जवळ असू द्यावी, बरं वाटलं की वर्गात परत पाठवावं. "परत पाठवावं" हे मुद्दाम लिहून घ्या. दर झटक्याला घरी आणलं तर मुलाची शाळा सुटत जाते आणि परत जाणं जड होतं.

आता गोळीचा प्रश्न. तुमची गोळी अर्धी करून देऊ नका. मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि काही औषधं त्यांच्यासाठी नसतातच. मोठ्यांच्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ॲस्पिरिन असतं. विषाणूजन्य तापाच्या काळात मुलांनी ते घेतलं तर रे सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदूवर आघात करणारा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. मुलांच्या झटक्यासाठी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल ही पहिली औषधं आहेत. किती द्यायचं हे डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. दोन चुका सगळीकडे होतात: भीतीपोटी डोस अपुरा दिला जातो आणि "बघू, थांबतंय का" म्हणत उशिरा दिला जातो. तासाभराने दिलेलं औषध पुष्कळदा उलटीत निघून जातं. पुरेसा डोस, लवकर. त्यानेही भागलं नाही तर मुलांसाठी मान्यता मिळालेली ट्रिप्टान गटातली, खास मायग्रेनच्या झटक्यासाठीची औषधं आहेत, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मुलांचा मेंदू ही मोठ्यांच्या मेंदूची छोटी आवृत्ती नाही, याचं सर्वांत ठोस उदाहरण मला इथेच दिसतं. अमित्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही औषधं मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहेत. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या ३६१ मुलांवर त्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेली मुलं अमित्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के. पुढे चालू ठेवून उपयोग नाही म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. औषधांच्या गटांत दुष्परिणाम मात्र जास्त होते. यावरून "बघा, सगळं मनाचं आहे" असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, तिन्ही गटांतल्या मुलांकडे कुणीतरी नियमित, विश्वासाने लक्ष देत होतं, त्यांच्या दुखण्याची नोंद ठेवत होतं, नीट झोपायला-खायला-पाणी प्यायला शिकवत होतं. वाढत्या मेंदूवर याचा खरा परिणाम होतो. झटके फार वाढले तर औषधाचा विचार डॉक्टर करतीलच. आणि ज्या मुलांचं डोकं महिन्यातले निम्मे दिवस किंवा त्याहून जास्त दुखतं, त्यांच्यात वेदना हाताळायला शिकवणाऱ्या वर्तन-उपचाराचा औषधाच्या जोडीने चांगला उपयोग झाल्याचंही २०१३ मध्ये दिसलं आहे. तुमच्या मुलाला आत्ता तरी ठरल्या वेळी झोप, ठरल्या वेळी खाणं, पाणी, खेळ आणि लवकर दिलेलं औषध एवढ्याने बराच फरक पडावा.

"माझ्याकडून आलं का?" काही अंशी, हो. मायग्रेन घराण्यात चालतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते एखाद्या जनुकाचं काम नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून जास्त रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा सापडल्या. त्यातल्या प्रत्येकीचा वाटा इवलासा. कोणत्या तुमच्याकडून आल्या, कोणत्या त्याच्या वडिलांकडून, आणि त्यात परिस्थितीची भर किती पडली, हे कुणालाही वेगळं काढून दाखवता येणार नाही. अपराधी वाटून घेतलंत तर एक व्यावहारिक नुकसान मात्र होतं. तो कपाळाला हात लावतो तेव्हा तुमचा चेहरा पडतो, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून मुलं सांगायचंच टाळतात. मग औषधाला उशीर होतो.

जन्मभराचं विचाराल तर स्वीडनमधल्या बो बिले यांचं काम मला आधार वाटतं. त्यांनी १९५० च्या दशकात उप्साला शहरातल्या सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी केली आणि त्यातल्या ठळक मायग्रेन असलेल्या ७३ मुलांचा पाठपुरावा पुढे ४० वर्षं केला. पन्नाशीच्या आसपास त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना अजून झटके येत होते. म्हणजे बाकीचे बरेच जण त्यातून बाहेर पडले होते. ज्यांना येत होते त्यांनाही मध्ये वर्षानुवर्षांची मोकळीक मिळाली होती. तरुणपणी पूर्ण बरं होण्याचं प्रमाण मुलग्यांत जास्त होतं. तुमचा मुलगा कुठल्या गटात जाईल ते आज सांगता येणार नाही. पण त्याचं मायग्रेन तुमच्याच वाटेने जाईल असं धरून चालायला काहीच आधार नाही. आणि गेलं तरी, तुम्हाला कॉलेजात असताना जे कुणी शिकवलं नव्हतं ते त्याला नवव्या वर्षी कळलेलं असेल.

शेवटी तुमच्याबद्दल. एक दिवसाआड गोळी म्हणजे महिन्याला सुमारे १५ दिवस. साध्या वेदनाशामकांसाठी हीच ती सीमा आहे, जिथे तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलं तर गोळ्यांमुळेच डोकं जास्त दिवस दुखायला लागू शकतं. ट्रिप्टान किंवा एकाहून जास्त औषधं असलेली मिश्र गोळी असेल तर ही सीमा १० दिवसांवर येते. तुम्ही कोणती गोळी घेता ते लिहिलेलं नाही. गोळीचं पाकीट आणि गेल्या महिन्याची तारीखवार आठवण घेऊन स्वतःच्या डॉक्टरांकडे जा, आणि "मला वेदनाशामकांच्या अतिवापराची डोकेदुखी आहे का?" असं सरळ विचारा. गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. काही औषधं हळूहळूच उतरवावी लागतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत दुखणं वाढतं. त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. मोठ्यांसाठी आज प्रतिबंधक औषधांचे पर्याय तुमच्या कॉलेजच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. मुलाच्या पुढच्या भेटीची तारीख ठरवाल, त्याच दिवशी स्वतःचीही ठरवा.